उभ्या गाडीचे किलोमीटर

गस्तीच्या गाडीचा ओडोमीटर अर्धीच हकीकत सांगतो. पोलीस ठाण्याची बोलेरो दिवसाला जेमतेम 60 किलोमीटर फिरते. पण नाकाबंदीला, बंदोबस्ताला किंवा मिरवणुकीच्या मागे ती तासन् तास इंजिन चालू ठेवून उभी असते. त्या वेळात ऑइलमध्ये काजळी साचते, फॅनबेल्ट फिरत राहतो, बॅटरीवर ताण येतो आणि ओडोमीटरचा आकडा जागचा हलत नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनी आपल्या पोलीस गाड्यांसाठी एका तासाचं आयडलिंग 33 मैलांच्या, म्हणजे सुमारे 53 किलोमीटरच्या बरोबरीचं धरते. त्या गाड्या पेट्रोलच्या, त्यामुळे आपल्या डिझेलला तो आकडा तंतोतंत लागू होणार नाही. तरी अंदाज घ्यायला हरकत नाही. दिवसाला 60 किलोमीटर आणि सहा तास उभ्याने इंजिन चालू, असा हिशोब धरला तर 27 दिवसांत ओडोमीटरवर 1,620 किलोमीटर दिसतील, इंजिनाने मात्र 10,000 किलोमीटरची झीज सोसलेली असेल.

म्हणून गस्तीच्या गाडीची सर्व्हिस नुसत्या किलोमीटरवर ठरवू नये. लॉगबुकात किलोमीटरच्या शेजारी इंजिन किती तास चाललं तेही लिहावं. कंपनीने सांगितलेले किलोमीटर किंवा इंजिनाचे 250 तास, यातलं जे आधी भरेल तेव्हा ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावा. काही गाड्यांना इंजिन-तासांचा मीटर असतो. तो नसेल तर ड्युटी बदलताना अंदाजाने लिहिलेले तासही कामाला येतात.

बीएस-6 डिझेल गाड्यांत या उभ्या तासांचा पहिला फटका डीपीएफला बसतो. धुरातली काजळी अडवणारी ही जाळी सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली असते. साचलेली काजळी जाळायला आतलं तापमान 600 अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं आणि ते आयडलवर गाठलं जात नाही. जाळण्याची क्रिया अर्ध्यावर असताना गाडी बंद झाली, तर त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं. मग डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. ‘ऑइल भरपूर आहे, चांगलं झालं,’ असं समजणं इथे महागात पडतं, कारण डिझेल मिसळलेलं पातळ ऑइल बेअरिंगला सांभाळू शकत नाही. पातळी ‘मॅक्स’च्या खुणेच्या वर गेली आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर ते बदलायचंच.

यावर उपाय साधा आहे. आठवड्यातून दोनदा गाडी मोकळ्या रस्त्यावर न्यावी आणि 60 किलोमीटरच्या वर वेग ठेवून, इंजिन 2,000 आरपीएमच्या आसपास राहील अशा गिअरमध्ये 20 ते 25 मिनिटं सलग चालवावी. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला असेल तर त्याच दिवशी ही फेरी मारावी. दिवा लुकलुकायला लागला किंवा इंजिनाची ताकद पडली, तर फेऱ्यांनी भागत नाही, वर्कशॉप गाठावं. ही क्रिया चालू असताना किंवा नुकती संपल्यावर गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नका. उन्हाळ्यात माळावर बंदोबस्ताला गेलेल्या गाडीखाली एवढ्या उष्णतेने गवत पेटू शकतं.

बॅटरीचा हिशोब चालकालाही तोंडपाठ हवा. इंजिन बंद ठेवून एलईडी लाइटबार चालू असेल तर तो साधारण 6 अँपिअर खेचतो, वायरलेस सेट ऐकण्यापुरता 1, डायल 112 चा एमडीटी (कॉलची माहिती दाखवणारा गाडीतला स्क्रीन) 2 आणि पार्किंग लाइट 3. एकूण 12 झाले. बॅटरी 70 अँपिअर-अवरची धरली तरी इंजिन खात्रीने सुरू व्हायला निम्मी शिल्लक लागते. म्हणजे नव्या बॅटरीवर हातात तीन तासही नाहीत आणि तीन वर्षं जुन्या बॅटरीवर दीड तासाचासुद्धा भरवसा नाही. वायरलेसवर बोलताना तोच सेट 5-6 अँपिअर घेतो. 100 वॉटचा सायरन 8 ते 10 घेतो, म्हणून इंजिन बंद असताना सायरन वाजवून बघू नये.

मल्टिमीटर स्वस्त असतो, प्रत्येक ठाण्यात एक असावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी आणि 12 च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. आयडलवर सगळे दिवे आणि एसी लावल्यावर आकडा 13 च्या खाली जात असेल, तर अल्टरनेटरला तेवढा भार झेपत नाही. आयडलवर तो आपल्या पूर्ण क्षमतेपेक्षा बराच कमी करंट देतो. मग ‘इंजिन चालूच होतं, तरी बॅटरी बसली कशी?’ हा प्रश्न उरत नाही.

गस्तीच्या गाडीतल्या वायरिंगबद्दल मी हट्टी आहे. कंपनीतून निघालेल्या गाडीवर नंतर लाइटबार, सायरन, पीए (घोषणेचा लाउडस्पीकर), वायरलेस, जीपीएस आणि एमडीटी चढतात. प्रत्येक वेळी एखादी वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळून जोड दिला जातो. गाडीला आग लागण्याचं हे मोठं कारण. प्रत्येक जादा उपकरणाची वायर थेट बॅटरीपासून यावी आणि बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरातच तिला फ्यूज असावा. सायरनला 2.5 चौरस मिलिमीटरची वायर आणि 15 अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज लावला तर वायरच फ्यूजचं काम करते, म्हणजे जळते. अर्थिंग रंगावर न देता रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर द्यावं. पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या वायरला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारी कडी, लागतोच. चौकीबाहेर दिवसेंदिवस उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा बॉनेट उघडून नजर टाकायची सवय ठेवा. आणि डबा गाडीत ठेवू नका, उंदीर त्याच वासाने येतात.

गाडी सुरू होत नसेल आणि दुसऱ्या गाडीचा जंप द्यायचा असेल, तर क्रम चुकू नये. लाल वायरचं एक टोक बसलेल्या बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, मग तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. बॅटरीच्या मायनसला ते लावायचं नाही, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी नेमकी त्याच्याजवळ पडते. काढताना उलटा क्रम.

ड्युटी बदलताना गाडीभोवती एक फेरी मारायला सात-आठ मिनिटं लागतात. आधी गाडीखाली बघा. हिरवट किंवा गुलाबी थेंब कूलंटचे, काळे इंजिन ऑइलचे. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, तेलकट ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल समजा आणि ती गाडी बाहेर काढू नका. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याची काळजी नाही. ऑइल सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघायचं. कूलंट बाटलीवरच्या खुणांमध्ये बघायचं, तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. वायपर, हॉर्न, ब्रेक लाइट, दोन्ही इंडिकेटर आणि काचेवर पाणी सोडणारा पंप तपासा. मग ब्रेकचा बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमवर पेडल हलकं करणारा भाग, बघा. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करा, दाबलेलंच ठेवा आणि गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर व्हॅक्यूम मिळत नाही. आणि इंजिन चालू असताना दाबलेलं पेडल अर्ध्या मिनिटात हळूहळू खाली बसत गेलं, तर मास्टर सिलिंडर (ब्रेकचा मुख्य पंप) गेला किंवा कुठेतरी गळती आहे.

टायरची हवा थंड टायरवर तपासावी. आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, भरलेल्या गाडीसाठीचा असेल तर तोच धरावा, कारण गस्तीची गाडी माणसं आणि सामान घेऊनच फिरते. खाचांमधली उंचवट्याची खूण 1.6 मिलिमीटरला असते, तिथवर टायर घासला की तो कायमचा बाद. पण पावसाळ्यासाठी मी 3 मिलिमीटरलाच टायर बदला म्हणेन. पाणी बाहेर फेकायला तेवढी खाच लागते. उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर घासण्याआधी वयाने कडक होतात आणि त्यांना कडेने बारीक चिरा पडतात. टायरवरच्या चार आकड्यांत वय असतं, 2322 म्हणजे 2022 सालचा 23 वा आठवडा. स्टेपनीची हवाही तपासायची, कारण तिची आठवण पंक्चर झाल्यावरच येते.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-4 प्रकारचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तीच मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. खंबाटकी किंवा आंबेनळी घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की एवढी उष्णता सहज तयार होते. मग ऑइलला वाफ धरते आणि पेडल पोकळ होतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं आणि चढताना लागला असता त्याच गिअरमध्ये घाट उतरणं, हे दोन्ही पाळलं की हा धोका बहुतांशी टळतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून उतरवू नका. इंजिन बंद पडलं तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक लाकडासारखा होतो आणि स्टिअरिंगही जड होतं.

आता गाडी चालवण्याबद्दल. सर्वात धोक्याचा क्षण म्हणजे चार तास उभी असलेली गाडी कॉल आल्यावर एकदम सुटते तो. चालक पेंगुळलेला असतो, टायर थंड, काचेवर धुकं आणि कंट्रोल रूमचा आवाज कानात. सीटबेल्ट लावून, काच पुसून, आरसे बघून निघायला दहा सेकंद लागतात. पाच किलोमीटर अंतर ताशी 60 ने पाच मिनिटांत कापलं जातं आणि 80 ने पावणेचार मिनिटांत. म्हणजे वाचतात ती 75 सेकंदं. आणि मोबदल्यात काय जातं? ताशी 60 ला, दीड सेकंद प्रतिक्रियेचा धरून, कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण 45 मीटरवर थांबते, 100 ला 98 मीटरवर. ओल्या रस्त्यावर हेच आकडे 60 आणि 140 मीटर होतात.

2017 च्या मोटार वाहन चालविण्याच्या विनियमांनी तातडीच्या कामावरच्या पोलीस गाडीला सिग्नल आणि वेगमर्यादेतून सवलत दिली आहे, पण पूर्ण काळजी घेण्याच्या अटीवर. लाल सिग्नलला गाडी जवळजवळ थांबवा, एकेक लेन मोकळी झाल्याची खात्री करा, मगच पुढे सरका. बंद काचा, एसी आणि गाणी चालू असलेल्या कारमध्ये सायरन अगदी जवळ आल्यावरच ऐकू येतो. मोकळ्या रस्त्यावर लांब चढ-उताराचा सूर ठेवावा आणि चौकाच्या आधी जलद सूर लावावा, सूर बदलला की लोकांचं लक्ष जातं. दोन पोलीस गाड्या मागोमाग असतील तर दुसरीला जास्त धोका. पहिली गेली की लोक गाडी पुढे घेतात. दुसरीने अंतर राखावं आणि सायरनचा सूर वेगळा ठेवावा.

वायरलेस, एमडीटी आणि सायरनचं बटण हे सगळं डावीकडे बसलेल्या अंमलदाराचं काम. चालकाने फक्त गाडी चालवायची. डावीकडच्याने प्रत्येक चौकात ‘डावी मोकळी’ असं मोठ्याने सांगायचं. पळणाऱ्या गाडीचा नंबर, रंग आणि दिशा कंट्रोलला कळवणं हे तिच्या मागे सुटण्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त उपयोगी ठरतं, वायरलेस कुठल्याही गाडीच्या आधी पुढच्या नाक्यावर पोचतो.

सीटबेल्टबाबत एक गोष्ट ठाण्याच्या भिंतीवर लिहून लावावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 210-ब प्रमाणे कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर दंड दुप्पट. सीटबेल्टचा 1,000 चा दंड तिथे 2,000 होतो. दंडाहून मोठी गोष्ट मागच्या बाजूला मोकळ्या पडलेल्या सामानाची आहे. ताशी 60 ने जाणारी गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर 5 किलोचं अग्निशामक सिलिंडर सुमारे 85 किलोच्या जोराने पुढे येतं. ढाली, लाठ्या, हेल्मेट, जॅक, सगळं पट्ट्याने बांधलेलं हवं. एमडीटीचा स्टँड एअरबॅग उघडते त्या जागेसमोर नको. बंपरपुढचं लोखंडी गार्ड केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच मोटारींवर बेकायदा ठरवलं, ते धडकेचा जोर थेट चासीवर नेतं आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडवतं. तेही काढून टाका.

समृद्धी किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघातस्थळी गाडी उभी करण्याची एक पद्धत आहे. ताशी 120 ने येणारी गाडी सेकंदाला 33 मीटर कापते. अपघातग्रस्त वाहनाच्या किमान 30 मीटर मागे, तिरकी आणि पुढची चाकं कडेच्या बाजूला वळवून गाडी लावावी, म्हणजे मागून कोणी धडकलं तरी ती माणसांवर ढकलली जाणार नाही. गाडीत कोणी बसायचं नाही, दोन गाड्यांच्या मध्ये कोणी उभं राहायचं नाही. पहिला ट्रॅफिक कोन (रस्त्यावर ठेवायचा शंकू) 100 ते 150 मीटर मागे, तो ठेवायला जाताना येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, रेलिंगच्या पलीकडून चालायचं आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आधीच अंगात असायला हवं. उभ्या गाडीचे हेडलाइट समोरच्या वाहतुकीवर राहू देऊ नका. रात्री सगळे दिवे पूर्ण जोरात लुकलुकत ठेवले तर चालकाचे डोळे दिपतात आणि दिव्यांशेजारी उभा असलेला माणूस त्याला दिसत नाही. लाइटबारला मंद मोड असेल तर तो लावा.

रात्री गस्तीत डुलकी घ्यायची वेळ आलीच तर इंजिन बंद करून काच बोटभर उघडी ठेवा. सायलेन्सरच्या जोडातून गळती असेल तर उभ्या गाडीत धूर शिरतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आरोपी नेण्याआधी आणि उतरवल्यावर मागची सीट, सीटखालची फट आणि पायाखालची मॅट टॉर्च लावून तपासा. आधीची तपासणी झालेली नसेल तर नंतर सापडलेली पुडी किंवा ब्लेड कोणाचं, हे सांगता येत नाही. चाइल्ड लॉक रोज एकदा आतून दार उघडून बघा, गाडी धुताना ती कळ सहज सरकते.

ड्युटी संपताना गाडी बरीच पळाली असेल तर बंद करण्याआधी मिनिटभर आयडलवर ठेवा, टर्बोला ऑइल मिळत राहतं. आधी लाइटबार आणि सेट बंद, मग इंजिन. टाकी निम्म्याखाली असेल तर पुढच्याला देण्याआधी डिझेल भरा. पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी महिन्यातून एकदा सोडा. आणि लॉगबुकात ‘गाडी ठीक’ असा शेरा मारण्याऐवजी नेमकं लिहा: ‘तिसऱ्या गिअरला खरखर’, ‘ब्रेक दाबला की डावीकडे ओढते’, ‘सकाळी सेल्फ दोनदा मारावा लागला’. वर्कशॉपच्या मेकॅनिकला एवढ्या एका ओळीने कुठून सुरुवात करायची ते कळतं.