पत्र्याचं घर, पण भट्टी नाही

शेतात लोखंडी शेड टाकून त्यातच राहायचं म्हटल्यावर गावात पहिला प्रश्न एकच, "पत्राना घरमा उन्हायामा कोन ऱ्हाई रे भो?" प्रश्न रास्त आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, नुसता पत्रा असेल तर दुपारी आत माणूस काय म्हैस पण थांबणार नाही. पण अमेरिकेतल्या बार्नसारख्या, म्हणजे शेतावरच्या मोठ्या कोठारासारख्या घरांचा प्रकार मला आवडलेला, एकाच छपराखाली अर्ध्यात घर, अर्ध्यात ट्रॅक्टर आणि ठिबकच्या नळ्या, मधे एकही खांब नाही.

शिवाय आमची काळी जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, विटांच्या भिंतीला तडे ठरलेले. लोखंडी सांगाडा हलका, थोडीफार हालचाल सहन करतो. म्हणून पाया वरवरचा चालतो असं अजिबात नाही, काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत फुटिंग, म्हणजे खांबाखालचा पाया, खाली नेलं. आणि हलक्या छपराला भीती वाऱ्याची, ज्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात तेच वारं पत्रा खालून उचलतं, त्यामुळे बोल्ट आणि ब्रेसिंगमध्ये, म्हणजे सांगाड्याच्या तिरप्या आधारांत, कंजुषी नको.

बाकी खरा पैसा छतात घाला, समोरची काचबिच होत राहील नंतर. आम्ही 50 मिमीचं पफ पॅनल (दोन पत्र्यांच्या मधे फोम) टाकलं, वरून पांढरं, खाली हवेला जागा सोडून सीलिंग, वर गरम हवा बाहेर काढणारा, वाऱ्याने फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर, पश्चिमेला रुंद पडवी. आजीचं धाब्याचं घर मातीच्या जाडीमुळे दुपारी गार असायचं, इथे ते काम फोम करतो. रात्री तर स्लॅबपेक्षा हेच बरं, स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकत बसतो, हे लवकर निवतं.

फिटिंगच्या वेळी मात्र वर चढून बघाच. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, पाणी वाहतं त्या नाळीत नाही. रबराचं वायसर किंचित दबलेलं हवं, कडेने फुगून बाहेर आलं म्हणजे जास्त आवळलंय, उन्हात तडकणार आणि पुढे तिथूनच गळणार. आणि ड्रिलचा लोखंडी कीस रोजच्या रोज झाडायचा, दव पडलं की तो गंजतो आणि नव्याकोऱ्या पत्र्यावर तांबूस ठिपके उठतात. फॅब्रिकेटर म्हणे "काही होत नाही भाऊ", मी झाडू घेऊन वर, खाली अप्पा हसताहेत.

अर्थिंग नीट करून घ्या, सगळं घरच लोखंडाचं आहे. मोबाईलला आत रेंज कमी येते, फोन आला की पडवीत यावं लागतं. पावसाचा आवाज येतोच, पण सीलिंगमुळे टीव्ही ऐकू येतो.