तुम्ही विचारलंत म्हणून: रश लिम्बॉला मी का ऐकायचो

रश लिम्बॉ म्हणजे अमेरिकेतल्या रेडिओवर रोज राजकारणावर बोलणारा कट्टर उजवा माणूस. माझ्या अमेरिकेतल्या दिवसांच्या गप्पा निघाल्या की हा प्रश्न ठरलेला. "काका, त्या माणसाचं एकही मत तुम्हाला पटत नाही. मग रोज ऐकायचात कशाला?" परवा भाच्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा चहा आला आणि विषय बदलला. आता सांगतो.

पहिलं कारण गाडी. नव्वदच्या दशकात मी इंडियाना-इलिनॉयमधल्या कारखान्यांत मशिनं बसवत फिरायचो. भाड्याची गाडी, सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना मका. दुपार झाली की एएमवर, म्हणजे रेडिओच्या जुन्या, खरखरत्या पट्ट्यावर, लिम्बॉ सुरू व्हायचा. एका गावचं स्टेशन खरखरायला लागलं की बटण फिरवायचं. पुढच्या गावच्या स्टेशनवर तोच आवाज, तेच वाक्य पुढे चालू. देशभरात सहाशेच्या आसपास स्टेशनं त्याला लावत. संगत म्हणून टाळता येणारा माणूस नव्हता तो.

दुसरं कारण मला उशिरा कळलं. राजकारणाचा भाष्यकार म्हणून मिरवत असला, तरी तो मुळात गाणी लावणारा होता. जन्म 1951 चा, मिसूरीतल्या केप जिरार्डोचा. घर वकिलांचं. तिथल्या फेडरल कोर्टाच्या इमारतीला आजोबांचं नाव आहे. अशा घरातला मुलगा सोळाव्या वर्षी रेडिओवर 'रस्टी शार्प' या नावानं तबकड्या वाजवू लागला आणि पुढे कॉलेज अर्धवट सोडलं. घरात काय झालं असेल, ते मराठी माणसाला सांगायला नको. पिट्सबर्गकडे तो 'जेफ क्रिस्टी' झाला. तिथून डच्चू, मग आणखी डच्चू. 1979 मध्ये रेडिओच सोडून तो कॅन्सस सिटी रॉयल्स या बेसबॉल संघाची तिकिटं खपवण्याच्या कामाला लागला. 1984 मध्ये सॅक्रमेंटोला एक कार्यक्रम मिळाला, तेव्हा कुठे त्याचं बस्तान बसलं.

तबकडी लावणाऱ्याला एक गोष्ट जमावी लागते. सुरुवातीच्या वाद्यांवर बोलत राहायचं आणि गायकानं तोंड उघडण्याच्या क्षणी गप्प व्हायचं. लिम्बॉनं गाणी सोडली, ती घड्याळासारखी अचूकता सोडली नाही. माइकजवळ कागद चुरगाळणं, टेबलावर थाप, मध्येच अशी शांतता की आपण रेडिओ बंद पडला का बघावं. पाहुणे जवळजवळ नाहीतच. आपली प्रतिभा देवाकडून उसनी आणली आहे, असं तो रोज म्हणायचा. एवढी बढाई मारूनही ऐकणाऱ्याला हसू येत राहणं, ही कला सोपी नाही.

त्याच्या यशाचं कारण म्हणून बहुतेक जण 1987 सालाकडे बोट दाखवतात. वादाच्या विषयात दुसऱ्या बाजूलाही जागा द्या, हा प्रसारणाचा 1949 पासूनचा नियम त्या वर्षी रद्द झाला. मला हे अर्धंच खरं वाटतं. तोवर गाणी एफएमवर गेली होती, कारण तिथे आवाज स्वच्छ. एएमवाल्यांच्या हाती रिकामे तास उरले होते. उपग्रहानं एक कार्यक्रम देशभर पाठवणं स्वस्त झालं होतं. एबीसी रेडिओचे माजी अध्यक्ष एड मॅक्लॉफ्लिन यांनी त्याला न्यूयॉर्कला आणलं आणि 1 ऑगस्ट 1988 ला कार्यक्रम 56 स्टेशनांवर सुरू झाला. सौदा साधा होता: कार्यक्रम फुकट घ्या, बदल्यात काही मिनिटं आमच्या जाहिरातींना द्या. दिवाळखोरीच्या काठावरच्या स्टेशनमालकाला यात विचारधारा दिसायची गरज नव्हती.

फोन करणारे कौतुकात वेळ घालवू नयेत म्हणून नुसतं 'डिट्टो' म्हणू लागले, आणि त्याच्या भक्तांना 'डिट्टोहेड' हे नाव पडलं. आपल्याकडे 'री ओढणारे' म्हणजे टोमणा. हे लोक ते नाव अभिमानानं लावत. 1994 मध्ये रिपब्लिकन पक्षानं चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकलं, तेव्हा नव्या सदस्यांनी त्याला आपल्या तुकडीचा मानद सदस्य करून घेतलं.

त्याचा क्रूरपणा मी विसरलेलो नाही. एड्सनं मरणाऱ्यांवर गाणं लावून थट्टा करण्याचा प्रकार त्यानं एकदा सुरू केला होता. पुढे बंद केला, खंतही व्यक्त केली. पण 2012 मध्ये गर्भनिरोधकांच्या विम्याबद्दल बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीला त्यानं वेश्या म्हटलं. जाहिरातदार पळू लागले, तेव्हा माफी आली. नशा करणाऱ्यांना आत टाका म्हणणारा हाच माणूस 2003 मध्ये वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाची कबुली देत होता. तिकडे असताना त्याचं असलं काही कानावर पडलं की मी रेडिओ बंद करायचो. आणि वीस मैलांनी पुन्हा लावायचो, हेही सांगून टाकतो.

2001 मध्ये तो जवळजवळ पूर्ण बहिरा झाला. फोन करणाऱ्यांचं बोलणं सहकारी टाइप करून पडद्यावर दाखवत आणि तो ते वाचून उत्तर देई. त्या वर्षाअखेर कानात इम्प्लांट बसवलं. त्यानं बोलणं कळतं, पण संगीत पूर्वीसारखं ऐकू येत नाही. मी तेव्हा भारतात परत आलो होतो. ही बातमी वाचून मला राजकारण नाही, तर तबकड्या लावणारा तो सोळा वर्षांचा पोरगा आठवला. पुढे त्याला फुप्फुसाचा कर्करोग झाला. 4 फेब्रुवारी 2020 ला ट्रम्प यांनी संसदेतल्या भाषणात राष्ट्राचं सर्वोच्च नागरी पदक दिलं. पुढच्या वर्षी 17 फेब्रुवारीला तो गेला. बायकोनं ते त्याच्याच कार्यक्रमात सांगितलं.

आपल्याकडे असा माणूस का नाही, हाही भाच्याचा जोडप्रश्न. आपल्या खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही, आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात. बाकी आपली ही हौस रात्री नऊला टीव्हीवर भागतेच.

इंडियानातल्या एका कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत टेबलावर रेडिओ चालू होता. मी डबा घेऊन आत शिरलो तसा एका वयस्कर फोरमननं हात लांब करून आवाज कमी केला. माझ्यासारख्याला ते ऐकावं लागू नये, इतकीच सभ्यता. मी म्हटलं, राहू दे, मीही ऐकतो. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, खुर्ची सरकवली, आणि आवाज होता तेवढाच ठेवला.