ठोसेघरच्या पुढची राई आणि तिथली गायब झालेली लाकडी शिल्पं

सातारा जिल्ह्यात ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या अंगाला एका गावाच्या वर देवाची राई आहे, तिथं काही वर्षांपूर्वी कला शिकणाऱ्या पोरांनी वादळात पडलेल्या झाडांवरच शिल्पं कोरली होती. बसलेला गवा, डोक्यावर भारा घेतलेली म्हातारी, टोपीवाला वासुदेव, असे फोटो खूप फिरत होते. आता जाऊन आलेले लोक सांगतात की काहीच नाही तिथं, सगळं चोरीला गेलं. मी नुकताच जाऊन आलोय आणि चोरीबिरी काही झालेली नाही, म्हणून हे लिहितोय.

सातारहून बोगद्यातून बाहेर पडायचं, सज्जनगडाचा फाटा सोडून सरळ वर ठोसेघर, २५ किमीच्या आसपास आहे. वाटेत उरमोडी धरणाचं पाणी दिसतं, तिथं थांबा. ठोसेघरला एसटी येते पण परतीची वेळ आधी विचारून घ्या, आपली गाडी असेल तर बरं. पुढं पवनचक्क्या दिसायला लागल्या की गावात कुणालाही लाकडाची माणसं कुठं होती असं विचारा, वाट दाखवतात.

आम्हाला वाट दाखवायला एक आज्जी आल्या. मी विचारलं, आज्जी, कुणी नेली का हो? तर त्या तडकल्याच, "राईतली वाळकी काडी पन न्हेत न्हाय कुनी, देवाचं हाय ते." आणि मग त्यांनी जागा दाखवली. गवा आंब्याच्या खोडात कोरलेला होता, आणि आंब्याचं लाकूड म्हणजे वाळवीचं आवडतं खाणं. तिथं आता गुडघाभर वारूळ आहे आणि बाजूला लाल भुगा. वासुदेव जमिनीत पुरून उभा केला होता. पुरलेल्या लाकडाला माती लागते तिथंच ओल टिकते आणि तिथंच ते आधी कुजतं, म्हणून तर शेतकरी कुंपणाचे खांब पुरायच्या आधी बुडखा जाळून घेतात नाहीतर डांबर लावतात. वासुदेवाला तसलं काही केलेलं नव्हतं, तो आडवा झाला, त्यावर अळंबी आली आणि आता पाचोळ्यात हात घातला तर मऊ ढेकळं लागतात.

पण म्हातारी आहे! ती जांभळाची. जुने लोक विहिरीच्या तळाला जांभळाचं लाकूड घालायचे कारण ते पाण्यात लवकर कुजत नाही, आणि इथल्या पावसात तेच कामी आलंय. बाहेरचं पांढरं लाकूड झडून गेलंय, नाक गेलंय, पण आतला गाभा टणक आहे, आणि भाऱ्याच्या रेघा तर बोटाला चक्क लागतात. मला ती फोटोतल्यापेक्षा आत्ताच जास्त आवडली, खरंच.

इंग्लंडच्या शेजारी वेल्समध्ये डेव्हिड नॅश नावाच्या शिल्पकारानं १९७८ मध्ये ओकच्या लाकडाचा एक मोठा गोळा कोरला आणि तो ओढ्यात अडकला तर तसाच राहू दिला. पुरात सरकत सरकत तो नदीतून खाडीपर्यंत गेला, २००३ ला दिसेनासा झाला, २०१३ ला परत दिसला, मग पुन्हा गेला. त्याचा तो प्रवासच शिल्प मानतात. आपल्या राईतल्या शिल्पांकडंही मी तसंच बघतो, वाळवीनं आणि पावसानं पुढचं कोरकाम केलंय. त्यामुळं काहीच नाही म्हणून परत फिरू नका, वारूळ बघा, भुगा बघा, कुठल्या झाडाचं काय झालं ते बघा.

आता जाणाऱ्यांसाठी. नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात चांगलं. पावसात जळवा असतात आणि जांभ्या दगडावर पाय सटकतो, बूट ग्रिपवाले पाहिजेत. फेब्रुवारीनंतर गवत वाळतं आणि वणव्याची भीती असते, तेव्हा सिगारेट, चूल काहीही पेटवू नका, उरलेली म्हातारी एका ठिणगीत जाईल. पाणी खालूनच भरून न्या. फोनला रेंज धरून बसू नका. राईत चपला काढायला सांगितलं तर काढायच्या, आणि आठवण म्हणून लाकडाचा तुकडा अजिबात उचलायचा नाही. वारूळ काठीनं उकरू नका, सापही असू शकतो.

आणि ज्यांच्याकडं जुने फोटो आहेत त्यांनी तारखेसकट जपून ठेवा, जमलं तर दरवर्षी त्याच जागेवर उभं राहून एक काढा. म्हातारीच्या डाव्या बाजूला मोठा दगड आहे, तिथून पूर्ण दिसते, सकाळी नऊच्या आत गेलात तर उजेडही बरा मिळतो.