गुरेझ खोरं: जाणार असाल तर एवढं वाचून जा

काश्मीर म्हणजे गुलमर्ग, पहलगाम, सोनमर्ग, असं आपल्याकडे समीकरणच झालंय, पण मला विचाराल तर सगळ्यात देखणं खोरं गुरेझचं. श्रीनगरहून बांदीपोरा, मग घाट चढून राजदान पास, उंची साधारण 11,600 फूट, वर पीर बाबाचा दर्गा आहे तिथे गाड्या थांबतातच, आणि मग उतरत उतरत कंझलवानला आलं की किशनगंगा नदी दिसते ती दावरपर्यंत, म्हणजे गुरेझच्या मुख्य गावापर्यंत, सोबत राहते. पाणी असलं निळंहिरवं की फोटोत तो रंग येतच नाही. दावरच्या डोक्यावर हब्बा खातूनचा त्रिकोणी सुळका, सोळाव्या शतकातल्या काश्मिरी कवयित्रीच्या नावाचा, तिच्या नवऱ्याला, काश्मीरचा सुलतान यूसुफ शाह चकला, अकबराने कैद केलं आणि तो परत आलाच नाही.

नियंत्रण रेषा इथून अगदी जवळ. पूर्वी याच खोऱ्यातून बुर्झिल खिंडीमार्गे गिलगिटला वाट जायची, 1947-48 च्या युद्धानंतर ती तुटली, इथले लोक दर्द जमातीचे, भाषा शिना, आणि तीच भाषा बोलणारे पलीकडेही आहेत, भेटणं मात्र बंद. त्यात किशनगंगेवर 330 मेगावॅटचा वीज प्रकल्प झाला, बडवान गावच्या लोकांना जमीन सोडावी लागली, आणि खुद्द गुरेझला ग्रिडची वीज आली नोव्हेंबर 2023 मध्ये! तोवर डिझेल जनरेटरवर दिवस काढले या लोकांनी. याचा राग येतो मला, खरंच. म्हणून हात जोडून सांगतो, चहा पिता पिता "तुम्ही भारताचे की पाकिस्तानचे" असले प्रश्न विचारू नका. शेती, बर्फ, मुलांची शाळा याबद्दल विचारा, मग माणसं आपणहून भरभरून बोलतात.

आता कामाचं. जून ते सप्टेंबर जा, हिवाळ्यात राजदानवर बर्फ पडला की रस्ता कित्येक महिने बंद. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड घ्या, तरी खोऱ्यात रेंजचा भरवसा धरू नका. चेकपोस्टसाठी ओरिजिनल आधार आणि झेरॉक्स जवळ ठेवा, पैसे रोख न्या. बांदीपोऱ्याहून शेअर सुमो मिळते, सकाळीच निघा. ड्रोन घरीच ठेवा, बंकर आणि जवानांचे फोटो अजिबात नकोत. राहायला होमस्टे घ्या म्हणजे पैसा गावात जातो, आणि तिथला राजमा खाच. दावरच्या पुढे तुलैल खोऱ्यात जायचं तर एक मुक्काम वाढवा, घाईत काही दिसत नाही.

22 एप्रिल 2025 ला पहलगामच्या बैसरनमध्ये 26 माणसं मारली गेली, त्यात आपल्या डोंबिवलीचेही होते, त्यामुळे घरचे घाबरणारच, त्यांचं चूक नाही. त्यानंतर बरीच ठिकाणं पर्यटकांना बंदही केली होती, आणि मे महिन्यात नियंत्रण रेषेवर पुन्हा तोफा चालल्या. तेव्हा तिकीट काढण्याआधी आणि बांदीपोरा सोडण्याआधी, दोन्ही वेळा तिथल्या प्रशासनाकडे चौकशी करा, टूरवाल्याच्या शब्दावर जाऊ नका, आणि नाही म्हणाले तर वुलर तलाव बघून परत फिरा.