सहा जणांत स्पॉन्सर कुठून आणायचा?

तालुक्याच्या मीटिंगला गेलो की चहाच्या वेळी कोणीतरी हमखास बाजूला घेतं. "दादा, आमच्या ग्रुपमध्ये सहाच जण. स्पॉन्सर कोणाला करू?" परवा तुम्हीही विचारलंत. तेव्हा एसटीची वेळ झाली होती, म्हणून आता नीट लिहितो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये, म्हणजे एकमेकांच्या आधारानं दारू सोडणाऱ्यांच्या फेलोशिपमध्ये, मला 14 वर्षं झाली. नाव लिहीत नाही, ती आमची परंपरा आहे.

स्पॉन्सर म्हणजे पैसे देणारा नव्हे. तो आपल्यासारखाच मद्यपी, फक्त आपल्या आधी दारूतून सुटलेला आणि आमच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्यांतून गेलेला. चौथ्या पायरीत माणूस स्वतःचा सगळा हिशेब वहीत उतरवतो, पाचवीत तो दुसऱ्या माणसापुढे वाचतो. तो दुसरा माणूस बहुतेक वेळा स्पॉन्सरच असतो.

लहान गावात घोडं इथंच अडतं. मुंबई-पुण्यात मीटिंग सुटली की माणूस गर्दीत मिसळतो. इथे समोर बसलेला बायकोचा मावसभाऊ निघतो, नाहीतर ज्याच्या दुकानात आपली उधारी थकलीय तो. त्याच्यासमोर वही कशी उघडणार?

माझ्या हातून चूक झाली ती इथेच. माझ्याच हाताखाली काम करणाऱ्या एका मुलाचा मी स्पॉन्सर झालो. ग्रुपमध्ये जुना असा मी एकटाच होतो, आणि त्यानं विचारलं याचा आनंदही झाला होता. चौथ्या महिन्यात तो घसरला, पुन्हा प्यायला, आणि तीन आठवडे मला काहीच बोलला नाही. त्याची हजेरी मीच मांडत होतो, मग सांगणार कुणाला? एका संध्याकाळी तो स्टँडमागच्या कठड्यावर दिसला. मुठीत बडीशेपेची पुडी. मी शेजारी बसलो तसं त्यानं तोंड दुसरीकडे वळवलं आणि तसाच, रस्त्याकडे बघत, माझ्याशी बोलत राहिला. ते वळवलेलं तोंड अजून डोळ्यांसमोर आहे. दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका निवृत्त कंडक्टरांशी त्याची गाठ घालून दिली. ते त्याचे कुणी लागत नव्हते. त्यांच्यापुढे त्यानं पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं.

तेव्हा त्या सहा जणांतच शोधत बसू नका. जिल्ह्यातल्या दुसऱ्या ग्रुपच्या मीटिंगला महिन्यातून एकदा तरी जा, शेअरिंग, म्हणजे जो तो स्वतःचं सांगतो ते, ऐका. कोणाचं बोलणं ऐकताना 'हे माझंच आहे' असं वाटलं, तर त्याचा नंबर घ्या. पायऱ्यांचं काम फोनवरही होतं. एक मात्र पाहा: तुम्ही रात्री फोन केलात तर तो उचलतो का? त्याची वर्षं मोजण्याआधी मी हे पाहतो. बाईला बाईच स्पॉन्सर असावी, पुरुषाला पुरुष. ग्रुपमध्ये एकटीच बाई असेल, तर तिच्यासाठी बाहेर शोधण्याची जबाबदारी ग्रुपनं घ्यावी, तिच्यावर टाकू नये.

"पण मला तर वर्षच झालंय, मी कुणाचा स्पॉन्सर कसा होऊ?" हेही ऐकतो. 1939 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या 'प्लेन डीलर' या दैनिकात आपल्या फेलोशिपवर लेखमाला आली. तिथे तेव्हा मोजकेच सभासद होते आणि मदत मागणारे आले शेकड्यांनी. जुनी माणसं पुरणार कशी? मग ज्यांना दारू सोडून काही आठवडेच झाले होते, त्यांच्याकडेही नवे सोपवले गेले, आणि ते काम उभं राहिलं. त्याआधी 1935 साली आपल्या फेलोशिपच्या दोन संस्थापकांपैकी बिल डब्ल्यू. हा अमेरिकेतल्याच ॲक्रनमध्ये दुसऱ्याला, डॉ. बॉबना, भेटला, तेव्हा बिल स्वतः जेमतेम 5 महिने दारूपासून लांब होता. वर्षभर टिकलात आणि पायऱ्या केल्या असतील, तर हो म्हणा. स्वतःचा स्पॉन्सर मात्र सोडू नका.

आणि मनासारखा माणूस मिळेपर्यंत तात्पुरता स्पॉन्सर धरा. तसं त्याला स्पष्ट सांगा, म्हणजे पुढे बदलताना कुणाचं मन दुखत नाही. बदलणं हा अपमान नव्हे, हे जुन्यांनीही मनावर घ्यायला हवं. सगळा ग्रुप आपल्याच हाताखाली असावा, असं वाटणारे ज्येष्ठ मी पाहिलेत. ते आजारी पडले की ग्रुपच बंद पडतो.

तुम्हाला तूर्त कोणीच नसेल, तर मी आहे. शनिवारी मीटिंगच्या अर्धा तास आधी येतो. शाळेच्या मागच्या पायरीवर बसू. वही आणा, कोरी असली तरी चालेल.