खोका थांबवायचा कसा?

अंधेरीच्या एमआयडीसीत आमच्या पॅकिंग लाइनवर रोलर कन्व्हेयर आहे, म्हणजे फिरत्या रोलरांवरून खोके पुढे नेणारी वाट. खोके पुढे नेणं सोपं. ते नेमक्या जागी, धक्का न लागता थांबवणं, यातच माझा जीव अडकलाय.

आमचा स्टॉपर म्हणजे दोन रोलरांच्या फटीतून वर येणारी लोखंडी पट्टी, खाली ती हलवणारा, हवेच्या दाबावर चालणारा सिलेंडर. थांबवताना त्रास नव्हता, सोडताना होता. पट्टी खाली गेली की पहिल्या खोक्याला चिकटून दुसराही निघायचा आणि परत वर येणारी पट्टी नेमकी त्याच्या पोटाखाली अडायची. जुलैत असाच एक खोका तिरका होऊन फाटला, बाटल्यांचा चुरा झाला. त्या रात्री झोप आली नाही.

मग दुसऱ्या खोक्याच्या बाजूला रबरी पॅड बसवला. तो आधी खोका समोरच्या बाजूच्या कठड्याशी (गाइडपट्टी) दाबून धरतो, मग स्टॉपरची पट्टी उतरते. पहिला खोका सेन्सर ओलांडून गेला की पट्टी वर, आणि त्यानंतरच पॅड सुटतो. हा क्रम चुकला की सगळं मुसळ केरात.

पट्टी वर ढकलायचं काम स्प्रिंगकडे दिलंय, हवा तिला फक्त खाली ओढते. हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद पडला तरी रांग अडूनच राहते. सुरक्षेसाठी हे हवंच.

पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेमुळे हवेच्या नळीत फार पाणी उतरतं, सिलेंडर जड होतो. काल हेल्पर म्हणाला, "दादा, पट्टी उशिरा येतेय." हवेतलं पाणी अडवणाऱ्या फिल्टरचा वाडगा काठोकाठ भरला होता.