नाशिक ते संभाजीनगर, आणि वाटेत सारखा सुटणारा क्रूझ

दिवाळीनंतर सासुरवाडीला जायचं म्हणून शनिवारी पहाटे पाचला नाशिकरोडहून निघालो. सिन्नरला टाकी फुल केली आणि गोंद्याच्या इंटरचेंजवरून समृद्धीवर चढलो. गोंदे दोन आहेत, सांभाळा. मुंबई हायवेवरचं कारखान्यांचं गोंदे इगतपुरी तालुक्यात; मॅपवर सिन्नरचं निवडा, नाहीतर भलतीकडेच पोचाल.

गाडी सात वर्षांची, डिझेल, मॅन्युअल. पाचव्या गिअरमध्ये शंभरला क्रूझ कंट्रोल (ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग राखणारी सोय) लावला आणि पाय मोकळे करून बसलो. (गाड्यांना मर्यादा १२० आहे, पण त्या काँक्रीटवर टायर तापतात, मला शंभर पुरतात.) शिर्डीच्या अलीकडे एका पुलाच्या जोडावर गाडी जराशी दणकली आणि क्रूझ सुटला. पाय एकाही पेडलवर नव्हता. रिझ्यूमचं बटण दाबलं, परत धरला. वैजापूरपर्यंत हे चारदा झालं. दर वेळी पूल, दर वेळी तोच जोड.

ही तक्रार गॅरेजमध्ये आधीच सांगून झाली होती. त्यांनी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड नाही. 'स्टिअरिंगमधली स्पायरल केबल बदलू,' म्हणाले आणि काही हजारांचा आकडा सांगितला. मी क्लच स्विचचं (क्लच दाबलाय का हे गाडीला सांगणारा स्विच) विचारलं तर उत्तर तयार होतं: 'क्लच दाबल्यावर गाडी स्टार्ट होते ना? मग स्विच ओके.'

ही केबल म्हणजे स्टिअरिंगवरची बटणं, हॉर्न आणि एअरबॅग यांच्या तारांची गुंडाळी. तिचं मला पटत नव्हतं, कारण मीटरमधला क्रूझचा दिवा लागलेलाच राहायचा, फक्त सेट केलेला वेग जायचा. केबल तुटत आली असती तर स्टिअरिंगवरची बटणं, हॉर्न असलं काहीतरी सोबत बिघडलं असतं, बहुधा एअरबॅगचा दिवाही लागला असता. इथे हॉर्न ठणठणीत, रिझ्यूमला लगेच प्रतिसाद. म्हणजे कुठलंतरी पेडल क्षणभर 'मी दाबलं गेलंय' असं खोटं सांगत होतं. मॅन्युअल गाडीत क्लच दाबला की क्रूझ सुटलाच पाहिजे. नाही सुटला तर वेग राखायच्या नादात इंजिन रिकामं किंचाळेल.

येताना रविवारी संध्याकाळी संभाजीनगरजवळच्या माळीवाड्याहून चढलो तर क्रूझ लागेचना. वैताग आला, पण खरं तर तिथेच काम सोपं झालं. अधूनमधून येणारा दोष सापडत नाही, कायमचा झाला की सापडतो. घरी पार्किंगमध्ये मॅट उचलली तर क्लचखाली निळसर प्लास्टिकचे तीन-चार तुकडे, शेंगदाण्याच्या फोलपटासारखे. बोटानं चुरले जात होते. मोबाइलचा टॉर्च घेऊन डोकं पेडलखाली घातलं. पेडलच्या दांड्याला वरच्या बाजूला एक भोक होतं आणि क्लच स्विचचा प्लंजर (आतबाहेर होणारी छोटी दांडी) त्या भोकातून आरपार आला होता. त्या भोकात पूर्वी त्याच निळसर प्लास्टिकचा स्टॉपर बसलेला असायचा, पेडल सोडलं की प्लंजर दाबून धरणारा. तो अर्धा तुटला होता तोवर दणक्यानं प्लंजर हलायचा, पूर्ण पडल्यावर गाडीला वाटलं क्लच कायमच दाबलेला आहे.

स्टार्टचा स्विच माझ्या गाडीत वेगळा आहे, पेडल तळाला टेकल्यावर दाबला जाणारा. क्रूझचा वरचा. गॅरेजवाल्यानं एकाची परीक्षा घेऊन दुसऱ्याला पास केलं!

स्टॉपर नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या पार्टच्या दुकानात मिळाला, वडापाव-चहाच्या हिशोबात. बसवायला मात्र अर्धा तास गेला, मान वाकडी झाली ती वेगळीच.

तुमचा क्रूझ असा सुटत असेल तर आधी मॅट उचला. मॅट सरकून पेडलला अडकली आणि पेडल पूर्ण वर येत नसेल तरी हाच प्रकार होतो, आणि द्वारकेच्या जाममध्ये जडलेली डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायची सवय असेल तरीही. मग रात्री भिंतीला पाठ लावून गाडी उभी करा आणि ब्रेकला हलकंसं बोट लावा: लाल उजेड लगेच पडला पाहिजे, सोडल्यावर लगेच गेला पाहिजे. ब्रेकच्या स्विचमध्ये बऱ्याच गाड्यांत दोन कॉन्टॅक्ट असतात. दोघांचं जुळलं नाही तर दिवे नीट लागूनही क्रूझ नकार देतो. स्कॅनर असेल तर कोड शोधत बसू नका, लाइव्ह डेटा (स्विच, सेन्सर त्या क्षणी काय सांगतायत ते) उघडा. क्लच स्विचची ओळ समोर ठेवून पेडलच्या दांड्याला टिचकी मारा. पाय न लावता आकडा बदलला की चोर सापडला. हे सगळं गाडी उभी असताना, चालवताना पेडलकडे वाकायचं नाही. आणि स्टिअरिंग स्वतः उघडू नका, आत एअरबॅग आहे.

पुढच्या शनिवारी परत तेच पूल, तोच शंभरचा वेग. लासूरपर्यंत एकदाही सुटला नाही. ब्रेकच्या दांड्यालाही तसाच स्टॉपर आहे, तोही बदलून टाकला. तो पडला असता तर ब्रेकचे दिवे रात्रभर जळत राहिले असते आणि सकाळी बॅटरी झोपलेली.